बंद घराची खबर: डीव्हीआरवरून ईमेल अलर्ट कसे लावायचे

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं सासरचं घर वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंद असतं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले पंधरा दिवस सोडले तर संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला शेजारचे काका जातात, तेवढंच. तीन वर्षांपूर्वी चार कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बसवून घेतला. बसवणाऱ्याने मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं, "आता डोंबिवलीत बसून घर बघा" म्हणाला आणि गेला. पहिला महिना आम्ही रोज बघितलं. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. पुढच्या पावसाळ्यात मागच्या पडवीतली दोन तांब्याची घंगाळं गेली, आणि रेकॉर्डिंग चाळलं तेव्हा कळलं की ती जाऊन नऊ दिवस झाले होते. कॅमेऱ्याने सगळं व्यवस्थित टिपलं होतं. आम्हाला कळवलं नव्हतं, कारण कळवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायचं कसं, ते इथे लिहिते आहे. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. मला चार रविवार लागले. तुमचं काम एका दुपारी व्हावं.

"ॲपवर नोटिफिकेशन येतं की, मग ईमेल कशाला?" असं आमच्या मुलानेही विचारलं होतं. ॲपचं नोटिफिकेशन लवकर येतं हे खरं. पण मोबाइल बॅटरी वाचवायला लागला की ॲप झोपवून टाकतो. आणि चोर शहाणा असेल तर जाताना डीव्हीआरचा डबाच उचलून नेतो, त्याबरोबर सगळं रेकॉर्डिंग जातं. फोटो जोडलेला मेल मात्र तोवर तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलेला असतो. दोघं-तिघं नातेवाईक वेगवेगळ्या गावांत असतील तर सगळ्यांना एकदम जातो, हा आणखी एक फायदा. माझं मत विचाराल तर दोन्ही चालू ठेवा.

काय काय हाताशी हवं

- डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड. मोबाइल ॲपचा पासवर्ड वेगळा असतो, तो इथे चालत नाही.
- डीव्हीआरला जोडलेला टीव्ही आणि माउस, किंवा त्याच राउटरवर असलेला लॅपटॉप. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचं चित्र दिसलं नाही तरी घाबरू नका, सेटिंगची पानं उघडली की झालं.
- चालू इंटरनेट.
- ज्यावर ओटीपी येईल असा तुमचा स्वतःचा मोबाइल.
- वही आणि पेन. खरंच. मोबाइलमध्ये लिहून ठेवलेले पासवर्ड मला कधीच वेळेवर सापडले नाहीत.

१. आधी डीव्हीआर तुमच्या ताब्यात घ्या

आमच्याकडे पहिला रविवार इथेच गेला. ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्याने स्वतःकडेच ठेवला होता आणि तो फोन उचलेना. शेवटी मिळाला तेव्हा दिसलं की ईमेलच्या पानावर "रिसीव्हर" म्हणून त्याचाच पत्ता भरलेला होता. वाईट हेतू असेल असं नाही, चाचणी घेताना राहून गेला असेल. पण आमच्या घराचे फोटो त्याच्याकडे जायचं काही कारण नव्हतं.

तेव्हा आत शिरल्यावर तीन गोष्टी बघा: "युजर" या पानावर अनोळखी नाव आहे का, ईमेलच्या पानावर कुणाचा पत्ता आहे, आणि मोबाइल ॲपमध्ये हे यंत्र कुणाच्या खात्याला जोडलंय. मग पासवर्ड बदला आणि वहीत लिहा. डब्याबरोबर आलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असलेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या.

२. डीव्हीआरसाठी वेगळं जीमेल खातं काढा

आपलं रोजचं खातं डीव्हीआरला देऊ नका. यंत्रात भरलेला पासवर्ड पुढे दुरुस्तीवाल्याच्या, नव्या बसवणाऱ्याच्या हाताखालून जातो. बँकेचे, आयकराचे मेल जिथे येतात ते खातं तिथे अडकवायचं नाही.

नवं खातं फुकट आहे. नाव साधं ठेवा, गावाचं नाव आणि घर, असं काहीही. हे खातं फक्त मेल पाठवणार; मेल येणार तुमच्या नेहमीच्या खात्यावर. एक लक्षात ठेवा: दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं. म्हणून दर गणपतीला एकदा लॅपटॉपवर त्या खात्यात शिरून यायचं. मी ते पूजेच्या सामानाच्या यादीतच लिहून ठेवलंय.

३. ॲप पासवर्ड काढा

बहुतेक जण इथे अडकतात, आणि चूक त्यांची नसते. जुने व्हिडिओ आणि जुनी पुस्तिका सांगतात की गूगलमध्ये "कमी सुरक्षित ॲप" हा पर्याय चालू करा. वैयक्तिक खात्यांसाठी तो पर्याय गूगलने मे २०२२ अखेर बंद केला. आता खात्याचा नेहमीचा पासवर्ड डीव्हीआरमध्ये कितीही अचूक टाकलात तरी "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" हेच उत्तर येणार.

त्याऐवजी आता "ॲप पासवर्ड" लागतो, म्हणजे गूगलने फक्त त्या एका यंत्रासाठी बनवून दिलेला वेगळा पासवर्ड. मोबाइल ॲपच्या पासवर्डशी त्याचा संबंध नाही. तो असा काढायचा:

अ) नव्या खात्यात शिरून "सिक्युरिटी"मध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर मोबाइलवरूनही खात्री करणं) चालू करा. ते चालू केल्याशिवाय पुढचा पर्याय दिसतच नाही.

आ) मग खात्याच्या सेटिंगमधल्या शोधपट्टीत इंग्रजीत "ॲप पासवर्ड्स" टाइप करा. मेनूमध्ये शोधत बसू नका, शोधपट्टीतूनच पटकन सापडतं.

इ) नाव द्या, उदाहरणार्थ "डीव्हीआर". गूगल सोळा अक्षरं दाखवील, चार-चारच्या चार गटांत. लगेच वहीत उतरवा. खिडकी बंद केली की तो पासवर्ड पुन्हा बघता येत नाही, नवा काढावा लागतो.

गटांमधल्या मोकळ्या जागा फक्त वाचायला सोप्या जाव्यात म्हणून असतात. डीव्हीआरमध्ये सोळाही अक्षरं सलग, लहान लिपीत भरायची. मी मोकळ्या जागांसकट भरत होते, माझा दुसरा रविवार त्यात गेला. आणि पुढे कधी त्या गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात तर सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. मेल अचानक थांबले तर हे आधी आठवा.

याहूवरही ॲप पासवर्डची अशीच सोय आहे. आउटलुक किंवा हॉटमेलच्या नादी लागू नका. नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारं लॉगिन मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केलं.

४. घड्याळ आणि नेटवर्क

ईमेलच्या पानावर जाण्याआधी डीव्हीआरचं घड्याळ बघा. बरीच यंत्रं चीनच्या वेळेवर, म्हणजे जीएमटी +०८:०० वर येतात. ते +०५:३० करा, नाहीतर रात्री साडेअकराची घटना फोटोवर दुसऱ्या दिवशीचे दोन वाजल्याची दिसेल आणि पोलिसांना सांगताना तुमचीच तारांबळ उडेल. शेजारीच एनटीपी हा पर्याय असतो, तो चालू करा. घड्याळ मग इंटरनेटवरून आपोआप जुळतं. तारीख फारच मागची असेल, म्हणजे २००० साल वगैरे, तर सुरक्षित जोडणीच होत नाही आणि मेल जात नाही. वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर डब्यातला नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक यंत्रांत तो सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

नेटवर्कच्या पानावर "डीएचसीपी" चालू असेल, म्हणजे डीव्हीआर राउटरकडून पत्ते आपोआप घेत असेल, तर हात लावू नका. पत्ते हाताने भरलेले असतील तर गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून ८.८.८.८ आहे ना बघा. इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला की गेटवे बदलतो आणि जुना पत्ता तसाच राहतो. मग डीव्हीआर कुणाशी बोलायचं ते न कळून गप्प बसतो.

५. ईमेलच्या पानावर काय भरायचं

मेनूची नावं कंपनीगणिक थोडी वेगळी असतात, पण "कॉन्फिगरेशन", त्यात "नेटवर्क", त्यात "ईमेल" अशी वाट साधारण सगळीकडे सापडते. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत भरायचं.

- एसएमटीपी सर्व्हर (मेल पुढे पाठवणारा सर्व्हर): एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम
- पोर्ट: ४६५ आणि एन्क्रिप्शन एसएसएल. किंवा ५८७ आणि टीएलएस (काही यंत्रांत स्टार्टटीएलएस). या जोड्या फोडू नका. आधीपासून भरलेला २५ हा आकडा काढून टाका.
- युजरनेम: डीव्हीआरच्या खात्याचा पूर्ण पत्ता, ॲटच्या चिन्हासह
- पासवर्ड: ते सोळा अक्षरी
- सेंडर: तोच पत्ता
- रिसीव्हर: तुमचा नेहमीचा पत्ता. बहुतेक यंत्रांत तीन पत्ते भरता येतात.
- अटॅच इमेज: चालू. फोटो नसलेला अलर्ट म्हणजे दारावर टकटक करून पळून जाणारं पोर.

"अप्लाय" दाबा, मग "टेस्ट". टेस्ट आधी दाबली तर काही यंत्रं जुनीच माहिती वापरतात.

६. टेस्ट फसली तर

सगळं एकदम बदलू नका. एक गोष्ट बदला, टेस्ट दाबा. आधी पासवर्ड पुन्हा भरा, कारण माउसने टीव्हीवरच्या कीबोर्डवर टाइप करताना मोठी-लहान अक्षरं हमखास बदलतात. मग ४६५ च्या जागी ५८७ करून बघा. मग घड्याळ, मग डीएनएस. टेस्ट पास झाली पण मेल दिसत नसेल तर स्पॅम बघा. पहिला मेल तिथेच सापडण्याची शक्यता खूप.

हे सगळं करूनही जमलं नाही आणि डीव्हीआर दहा-बारा वर्षं जुना असेल तर त्याला आजची सुरक्षित जोडणी येतच नसेल. कंपनीच्या वेबसाइटवर नेमक्या त्याच मॉडेलचं नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळालं तर घाला. जवळपासच्या मॉडेलचं घालू नका, यंत्र कायमचं बंद पडू शकतं.

७. कुठल्या हालचालीवर मेल यावा

टेस्टचा मेल आला त्या दिवशी मी पेढे वाटायचीच बाकी होते. चारही कॅमेऱ्यांचं मोशन डिटेक्शन, म्हणजे हालचाल ओळखण्याची सोय, चालू केलं, "सेंड ईमेल"वर खूण केली आणि झोपले. सकाळी उठले तर इनबॉक्समध्ये पाचशेच्या आसपास मेल, आणि पहाटे चारनंतर एकही नाही. फोटो उघडले. पडवीच्या कॅमेऱ्यासमोर एक कोळी, इन्फ्रारेडच्या उजेडात पांढराशुभ्र, ताटाएवढा मोठा दिसणारा, एकाच तंतूवरून रात्रभर खाली-वर करत होता.

चारनंतर मेल का थांबले ते नंतर समजलं. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० मेल जातात. तो आकडा गाठला की गूगल एक ते चोवीस तास पाठवणं बंद करतं. म्हणजे कोळ्याने सगळा कोटा संपवला, त्यानंतर कुणी दार फोडून आत शिरलं असतं तरी आम्हाला पत्ता लागला नसता. मेल कमी कसे येतील हे बघणं म्हणूनच मेल सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. यावर वेळ घालवा.

क्षेत्र आखा. मोशनच्या पानावर चित्रावर चौकटींची जाळी दिसते. डीफॉल्टने पूर्ण चित्र निवडलेलं असतं. ते पुसून फक्त दार, पायऱ्या आणि खिडकीखालचा पट्टा रंगवा. हलणारी माडाची झावळी, वाळत घातलेले कपडे, रस्ता हे सगळं बाहेर ठेवा. शेजाऱ्याचं अंगण तर चित्रातच येऊ देऊ नका, कॅमेरा थोडा वळवा.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचाल टिपायची ते, मधल्या आकड्यावर आणा, मग कुणाला तरी दारापर्यंत चालायला सांगा. मेल आला तर एक पायरी आणखी कमी करा. माणसाला ओळखेल पण मांजर सोडून देईल असा आकडा दोन-तीन प्रयत्नांत सापडतो. तुमच्या यंत्रात "ह्यूमन" ओळखण्याची सोय असेल तर निःसंकोच वापरा. वानरांपुढे मात्र तिचाही कधीकधी गोंधळ होतो.

वेळापत्रक लावा. अंगणात दिवसभर कुणी ना कुणी येतं: पोस्टमन, वीजबिल टाकणारा, आंबे उतरवणारे. त्या कॅमेऱ्याला रात्री आठ ते सकाळी सहा. घराच्या आत, माजघरात एक कॅमेरा असेल तर त्याला चोवीस तास. कुलूपबंद घराचा आतला कॅमेरा सगळ्यात भरवशाचा, तिथे पाऊसही नाही आणि झावळीही नाही. आमच्याकडे पाली आहेत, पण त्या छताजवळ राहतात आणि छत मी चौकटीतून वगळलंय.

मेलमधलं अंतर. काही यंत्रांत दोन मेलमध्ये किती सेकंद थांबायचं ते भरता येतं. मी तीनशे ठेवलंय. पाच मिनिटांत एक मेल पुरेसा आहे.

कोळ्याचं काय? काका आठवड्यातून एकदा काठीला झाडू बांधून कॅमेऱ्यासमोरची जाळी काढतात. आणि पडवीचा रात्रीचा दिवा आम्ही कॅमेऱ्यापासून आठ-दहा फूट लांब हलवला, किडे आता तिकडे जातात. पावसाळ्यात उजेडात चमकणारे थेंब मात्र त्रास देतातच. जून लागला की बाहेरच्या कॅमेऱ्यांची सेन्सिटिव्हिटी आणखी उतरवायची आणि माजघरावर भिस्त ठेवायची.

आता दिवसाला एक-दोन मेल येतात.

८. मेल आला की मोबाइल वाजला पाहिजे

तुमच्या नेहमीच्या जीमेलमध्ये, लॅपटॉपवरून, एक फिल्टर करा: डीव्हीआरच्या पत्त्यावरून आलेला मेल कधीही स्पॅममध्ये टाकू नये आणि त्याला "घर" असं लेबल लावावं. मग मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये सेटिंग, तुमचं खातं, "मॅनेज लेबल्स" इथे जाऊन "घर" उघडा. आधी सिंक चालू करा, मगच नोटिफिकेशनचा पर्याय जागा होतो. त्याला वेगळा, जरा कर्कश आवाज द्या. रात्री मोबाइल "डू नॉट डिस्टर्ब"वर ठेवत असाल तर जीमेलला त्यातून सूट द्या, नाहीतर ही सगळी खटपट फुकट.

फोटोंनी जागा भरते. गूगलची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. डीव्हीआरच्या खात्यात "सेंट"मध्येही प्रत्येक मेलची प्रत साठत राहते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षातून एकदा दोन्हीकडे साफसफाई करा.

फोटोत खरंच अनोळखी माणूस दिसला तर काय करायचं तेही आजच ठरवून ठेवा. आम्ही आधी काकांना फोन करतो, पण एकट्याने जाऊ नका असं बजावून. मग ११२. महाराष्ट्रात कुठूनही लावलात तरी जिल्हा सांगून मदत मागता येते. राज्याबाहेर किंवा परदेशात असाल तर हा नंबर तिथल्याच यंत्रणेला लागेल, म्हणून गावच्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर वहीत हवा.

९. मेल न येण्याकडे लक्ष ठेवा

ज्या डीव्हीआरची वीज गेली तो "माझी वीज गेली" असा मेल पाठवू शकत नाही. नेट गेलं तरी तेच. चार दिवस मेल नाही म्हणून आपण निश्चिंत, आणि तिकडे वादळात तार तुटून घर चार दिवस आंधळं.

थोडा बंदोबस्त करता येतो. डीव्हीआर, राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एक जरी सुटला तरी मेल जात नाही. आमच्याकडे आधी फक्त डीव्हीआर घेतला होता. "एक्सेप्शन" नावाच्या पानावर हार्ड डिस्क बिघडली, कॅमेऱ्याचं चित्र गेलं, कुणी चुकीचा पासवर्ड टाकून शिरायचा प्रयत्न केला, यांच्यासमोर "सेंड ईमेल"ची खूण करा. आमची डिस्क मागच्या वर्षी गेली ते याच मेलमुळे कळलं. काही यंत्रांत "हेल्थ मेल" अशी सोय असते, ठरावीक वेळाने "मी जागा आहे" एवढाच मेल येतो. ती असेल तर लावा.

आमच्या यंत्रात ती नाही. पण काका रोज संध्याकाळी सातच्या सुमारास दिवा लावायला माजघरातून देवघरात जातात, आणि माजघराचा कॅमेरा चोवीस तास जागा असतो. त्यांना वगळायचं म्हणून मी सुरुवातीला सात ते साडेसात ही वेळ वेळापत्रकातून काढली होती, ती परत घातली. आता रोज सातला एक मेल येतो: वाकून उंबरा ओलांडणारे काका, हातात तेलाची बुधली. तो आला की वीज, नेट, डीव्हीआर, पासवर्ड, सगळं चालू आहे हे कळतं, आणि काकाही बरे आहेत हे कळतं. साडेसातपर्यंत आला नाही तर मी फोन लावते.